विज्ञान ‘समजत नाही’ म्हणजे नेमकं काय?

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय सुचवला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे ते साहजिकच होतं. पण मी विषय बदलून मागितला. आज दुपारी जेवणानंतर आपली एक बैठक आहे. आपल्या बॅचने जमवलेला निधी शाळेत कशासाठी वापरायचा, हे त्या बैठकीत ठरायचं आहे. ग्रुपवर गेले दोन महिने त्याची चर्चा चालू आहे. बहुतेकांचं मत डिजिटल फळा घ्यावा असं आहे, तर काहींना वाटतं की प्रयोगशाळा नीट करावी. त्या निर्णयाआधी मला एका माणसाच्या कामाची ओळख करून द्यायची आहे. शाळेतलं विज्ञान मुलांना का समजत नाही, याचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला आणि तोही महाराष्ट्रात, आपल्याच मराठी शाळांमध्ये. त्यांचं नाव प्रा. व्ही. जी. कुलकर्णी.

आधी आपल्याबद्दल दोन शब्द. आपण १९९६ साली दहावी झालो. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. आज बाहेर कुणाला गाव सांगितलं तर पूर्वीसारखं ‘परभणीजवळ’ असं म्हणावं लागत नाही. विज्ञानाशी थोडाफार संबंध असलेली माणसं तर लगेच म्हणतात, ‘म्हणजे लायगोचं हिंगोली!’ औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. काटकोनात पसरलेले चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, त्यांतून धावणारा लेसर, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्या हादऱ्याने या बाहूंच्या लांबीत पडणारा फरक मोजायचा. हा फरक किती, तर प्रोटॉनच्या जाडीच्या एका अगदी छोट्या अंशाइतका. जगात अशी यंत्रणा मोजक्याच ठिकाणी आहे आणि त्यातलं एक ठिकाण आपल्या जिल्ह्यात होतं आहे.

आपल्याला याचा अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. पण मला एक प्रश्न सतावतो. वेधशाळा चालू होईल तेव्हा आत बसून आलेख वाचणाऱ्यांत आपल्या शाळेची मुलं असतील, की आपली मुलं फक्त कुंपणाबाहेर चहाचा गाडा लावतील? चहाचा गाडा लावण्यात काही कमीपणा नाही. पण आत जायचं की बाहेर राहायचं, ही निवड मुलाच्या हातात असायला हवी. सध्या ती निवड आठवी-नववीतच होऊन जाते. ‘याला विज्ञान समजत नाही’ या एका वाक्याने ती होते.

कुलकर्णी सरांचं सगळं काम या एका वाक्याची उलटतपासणी आहे असं मला वाटतं.

ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. होमी भाभांनी उभी केलेली ही संस्था देशातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रयोगशाळांपैकी एक. तिथला माणूस कुलाब्याला समुद्राकाठी बसून आयुष्यभर संशोधन करू शकला असता. पण तिथल्या काही शास्त्रज्ञांना, त्यांत प्रा. बी. एम. उदगावकरही होते, वाटत होतं की शाळेत विज्ञान असंच शिकवलं जात राहिलं तर पुढे संशोधन करायला येणार कोण? म्हणून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. कुलकर्णी त्याचे संस्थापक संचालक. सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरुवातीला पाठबळ दिलं. आज या केंद्राचा मानखुर्दला मोठा परिसर आहे, ऑलिम्पियाडची शिबिरं तिथेच होतात. पण त्याची सुरुवातीची अनेक वर्षं गेली ती नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शिक्षणावर संशोधन करायचं म्हणून ते शाळेतच जाऊन बसले. आमच्या क्षेत्रात एक साधा नियम आहे, ज्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा त्याच्या शेजारी बसून तो कसा वापरतो ते बघा. या मंडळींनी तेच केलं.

सुरुवातीच्याच काळात त्यांनी मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूरचं एक ठिकाण निवडलं, जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातलं खिरोदा. १९३६ साली ज्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन झालं, त्याच परिसरातलं हे गाव. तिथल्या शिक्षणसंस्थेबरोबर आजूबाजूच्या शाळांमध्ये काम सुरू झालं. शिक्षकांबरोबर बसून प्रयोग ठरवायचे, जवळपास मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंमधून साहित्य तयार करायचं, आणि मग मुलांना खरंच काय कळलं ते तपासायचं. केळीच्या बागांमधल्या त्या शाळा आणि आपल्या हळदीच्या शिवारातली शाळा यांत मला तरी फार फरक दिसत नाही.

शाळाशाळांतल्या या कामातून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि माझ्या मते त्यांच्या कामातला हा सर्वांत मोठा धडा आहे. मुलं अडतात ती अनेकदा विज्ञानात नव्हे, तर विज्ञानाच्या पुस्तकातल्या मराठीत. ही मुलं मराठीच बोलतात, तरी अडतात. कारण घरातलं मराठी वेगळं आणि पुस्तकातलं वेगळं. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांनी हा नुसता अंदाज बांधला नाही. त्यांनी पाठांची भाषा सोपी करून पाहिली, आशय तोच ठेवला आणि परिणाम तपासला. १९८१ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. सोप्या भाषेने मुलांची समज वाढली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर्गात मुलं बोलायला लागली. ज्याला वाक्यच कळलं नाही तो प्रश्न काय विचारणार? वाक्य कळलं की शंका येते, आणि शंका आली की हात वर होतो. पुढे १९८८ साली पीटर फेन्शम यांनी संपादित केलेल्या विज्ञान शिक्षणावरच्या एका आंतरराष्ट्रीय ग्रंथात भाषेच्या या भूमिकेवर कुलकर्णी सरांनी एक प्रकरण लिहिलं. मराठी शाळेत सापडलेली गोष्ट अशी जगापुढे गेली.

याचं एक उदाहरण देते. वाक्य माझंच आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. ‘द्रवाच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे उर्वरित द्रवाच्या तापमानात घट होते.’ आता हेच असं ऐका. ‘माठातलं पाणी झिरपून बाहेर येतं आणि हवेत उडून जातं. जाताना ते उष्णता घेऊन जातं. म्हणून आत राहिलेलं पाणी गार होतं. पाणी असं उडून जाण्याला बाष्पीभवन म्हणतात.’ दोन्हींत विज्ञान तेवढंच आहे. ‘बाष्पीभवन’ हा शब्द दुसऱ्यातही आहे आणि असायलाच हवा, परिभाषा टाकून चालणार नाही. मुलाला आडवे येतात ते ‘उर्वरित’, ‘घट’ आणि ‘होणाऱ्यामुळे’ असले शब्द. परिभाषेचा अर्थ शिक्षक थांबून सांगतात. पण हे आजूबाजूचे शब्द मुलाला येतच असतील असं सगळे गृहीत धरतात. हा काही मराठीचाच दोष नाही. ब्रिटनमध्ये कॅसल्स आणि जॉनस्टन यांनी इंग्रजी शाळांत पाहणी केली, तेव्हा तिथेही मुलं परिभाषेबाहेरच्या साध्या वाटणाऱ्या शब्दांवर अडखळताना दिसली. म्हणजे माध्यम बदलून इंग्रजी केलं की प्रश्न सुटेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी थोडं थांबून विचार करावा.

आमच्या कामात एखाद्याला पडद्यावरचं बटण सापडलं नाही, तर आम्ही त्या माणसाला ढ म्हणत नाही. बटणाची जागा बदलतो. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलटं करत आलो.

कुलकर्णी सरांचं दुसरं मोठं काम सुधाकर आगरकर यांच्याबरोबरचं. मुंबई महापालिकेच्या शाळांमधली अनुसूचित जातींची मुलं, बहुतेकांच्या घरात शिकणारी पहिलीच पिढी. त्यांतली होतकरू मुलं निवडून त्यांना विज्ञान आणि गणितासाठी मदत करायची, असा हा उपक्रम होता. १९८५ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. त्या काळात एक समज सर्रास होता, आणि आजही पुरता गेला आहे असं नाही, की अशा घरातल्या मुलांची झेपच तेवढी. या दोघांनी मुलांची झेप मोजण्याऐवजी वाटेतले अडथळे मोजले. कुणाला वाचलेलं समजत नव्हतं, कुणाचं अपूर्णांकांपासूनच सुटलेलं होतं, कुणाला प्रश्न विचारण्याची सवयच नव्हती कारण कधी कुणी विचारू दिला नव्हता. अडथळा नेमका कुठला ते कळल्यावर उपाय साधे होते. वाचून दाखवणं, बोलतं करणं, हाताने करू देणं, मागचं राहिलेलं भरून काढणं. ही मुलं दहावीला पोचली तेव्हा त्यांच्या निकालात फरक स्पष्ट दिसला.

प्रोग्रॅम चालत नसेल तर तो फेकून द्यायचा नसतो, नेमकी कुठली ओळ बिघडली आहे ते शोधायचं असतं. माझा रोजचा पगार याच कामाचा आहे. त्यामुळे हे संशोधन वाचताना मला वाटलं, ही माणसं माझ्याच धंद्यातली आहेत. फक्त त्यांच्यासमोर माणसाचं मूल होतं आणि त्यांनी त्याला ‘बिघडलेलं’ मानायला नकार दिला.

आता एक गोष्ट सांगते, ती थोडी जड आहे. या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालपत्रकावरून तयार झाली. दुसरा कागदच हाताशी नव्हता, त्यात कुणाचा दोष नाही. पण आठवीच्या हजेरीपटावर आपण जितके होतो तितके त्या यादीत नाहीत. मधल्या दोन वर्षांत किती जण सुटले! गेल्या महिन्यात त्यांतल्या एकाशी माझं फोनवर बोलणं झालं. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. तो नववीला शाळा सोडून गेला. आज बोअरच्या मोटारी भरून देतो. जळालेली मोटार त्याच्याकडे आणली की तो तांब्याची तार किती जाडीची, किती वेढे, कुठल्या खाचेत, हे बघता बघता ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी ती मोटार पुन्हा पाणी खेचू लागते. मी त्याला मेळाव्याला ये म्हटलं. तो म्हणाला, ‘मी काय करू येऊन? मला विज्ञान अन् गणित कधी समजलंच नाही बघ.’

जो माणूस विद्युतचुंबकत्वावर घर चालवतो, तो म्हणतो मला विज्ञान समजलं नाही! शाळेने त्याला तार, वेढे आणि चुंबक दाखवायच्या आधी व्याख्या दाखवली आणि व्याख्येत तो अडला. आपल्या सरांनाही यात बोल लावता येत नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, प्रयोगशाळेचं साहित्य कपाटात, आणि परीक्षा व्याख्येचीच. ते तरी काय करणार होते?

कुलकर्णी सरांच्या नंतरच्या पिढीने हा शोध पुढे नेला. पुढे केंद्राच्या संचालक झालेल्या प्रा. जयश्री रामदास यांनी मुलांच्या डोक्यात आधीपासून असलेल्या कल्पनांकडे लक्ष वेधलं. मूल वर्गात येतं ते कोरी पाटी घेऊन येत नाही. सूर्य कुठे जातो, झाड काय खातं, पोटात अन्नाचं काय होतं, याबद्दल त्याची स्वतःची मतं असतात. ती ऐकल्याशिवाय वरून नवं ओतलं तर ते वाहून जातं. मुलांना चित्रं काढायला लावून त्यांच्या मनातलं समजून घेण्याचा मार्ग त्यांनी वापरला. त्यांनी तयार केलेल्या ‘स्मॉल सायन्स’ या प्राथमिक शाळेच्या पुस्तकांत व्याख्या कमी आणि ‘बघा, मोजा, काढा, विचारा’ जास्त आहे. शमीन पडळकर यांनी त्यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या ग्रामीण आणि आदिवासी मुलांबरोबर खगोलशास्त्रावर काम केलं. पृथ्वीचं फिरणं, चंद्राच्या कला हे समजायला मुलांनी स्वतःचं शरीर आणि हातवारे वापरायचे. त्याला महागडं उपकरण लागत नाही, उभं राहायला अंगण लागतं.

हे आपल्या मातीला नवीन नाही. आपल्या नर्सीच्या नामदेवांची आणि विसोबा खेचरांची औंढ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांना नामदेव रागावले, तेव्हा विसोबांनी प्रवचन दिलं नाही. ते म्हणाले, मी म्हातारा झालो, देव जिथे नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. बाकीचं नामदेवांना स्वतःच्या हातांनी करून कळलं. मी ही गोष्ट भक्तीच्या अंगाने सांगत नाही, शिक्षकाच्या अंगाने सांगते आहे.

एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. प्रयोगातून शिकायचं, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यायची, प्रयोगाचीही परीक्षा घ्यायची. १९७८ साली तो साऱ्या जिल्ह्यात पोचला आणि पुढे आणखी पसरला. २००२ साली सरकारने एका निर्णयाने तो बंद केला. तीस वर्षांचं काम असं थांबू शकतं. म्हणून मला वाटतं, वरून आदेश येईल याची वाट बघू नये आणि आदेशाने बंद पडेल असंही काही करू नये. शाळेत जे शाळेच्याच माणसांच्या सवयीचं झालं, ते टिकतं.

तर दुपारच्या बैठकीत माझा प्रस्ताव असा असेल.

डिजिटल फळ्याला माझा विरोध नाही. त्या यंत्रांवरच माझं पोट चालतं. पण त्यांचं आयुष्य किती, दुरुस्तीला माणूस कुठून येतो आणि वीज किती तास असते, हे मला जरा जास्त माहीत आहे. आणि फळ्यावर तेच अवघड वाक्य झळकलं तर ते फक्त रंगीत होईल, सोपं होणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट प्रयोगशाळेची. दोन टेबलं, पाण्याचा नळ, लेन्सा, चुंबक, तारा, थर्मामीटर, आणि कपाटाला कुलूप नको. काचेची चंचुपात्रं फुटतील, त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवू. फुटलं म्हणून मुलाला रागवायचं नाही, फुटलं म्हणजे वापरलं. बाकी साहित्य आपल्या घरात आहे. आपल्या जिल्ह्याच्या बाजारपेठेत हळदीचे ढीग लागतात. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा, त्यावर साबणाचं पाणी टाका, तो लाल होतो. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होतो. आम्ल आणि अल्क ओळखण्याचं साधन आपण पोत्यांनी विकतो आणि वर्गात लिटमस नाही म्हणून प्रयोग सोडून देतो!

दुसरी गोष्ट भाषेची. सातवी-आठवीच्या विज्ञानाचा प्रत्येक पाठ मुलांनीच मोठ्याने वाचावा आणि जिथे अडतील तिथे पेन्सिलने खूण करावी. वर्षभरात त्या खुणा एकत्र केल्या की नेमकी कुठली वाक्यं अडवतात ते आपल्याला कळेल. मग बाईंच्या आणि सरांच्या मदतीने त्या वाक्यांची सोपी मराठी वही तयार करू. खुणा गोळा करून त्यांची मांडणी करायचं काम मी घेते. दर महिन्याला एक शनिवार ऑनलाइन आणि उन्हाळ्यात आठ दिवस इथे येऊन, एवढं मी आज सगळ्यांसमोर कबूल करते.

तिसरी गोष्ट माणसांची. मोटारी भरणाऱ्या आपल्या मित्राला वर्षातून दोन तास विज्ञानाच्या वर्गात बोलवायचं. पाहुणा म्हणून हार घालायला नव्हे, शिकवायला. तारेचे वेढे, चुंबक आणि फिरणारा पंखा त्याने मुलांपुढे मांडावा आणि सरांनी त्याला पुस्तकातली नावं जोडावीत. त्यासोबत आपल्यातली नर्स, गवंडी, पीक घेणारे शेतकरी, सगळ्यांना बोलवू. ज्यांना शाळेने सांगितलं की तुम्हाला विज्ञान समजत नाही, त्यांच्याकडूनच पुढच्या मुलांनी ते शिकावं. आणि पुढच्या मेळाव्याची यादी आठवीच्या हजेरीपटावरून करावी, अशीही माझी विनंती आहे.

या तिन्हींचा मिळून खर्च डिजिटल फळ्याहून कमी येईल असा माझा अंदाज आहे. हिशेबाचा कागद मी बैठकीत ठेवणार आहे, तुम्ही तो तपासा आणि त्यातल्या चुका काढा. सर आणि बाई, वर्गात रोज उभं राहायचं आहे ते तुम्हाला आणि तुमच्या जागी आलेल्या शिक्षकांना. म्हणून शेवटचा शब्द तुमचाच असावा. तुम्ही ‘हे जमणार नाही’ म्हणालात तर आम्ही ‘का’ एवढंच विचारू. प्रश्न विचारायची सवय तुम्हीच लावली आहे.